एकतीस वावांवरची टग

आप्पा सदतीस वर्षं मुंबई बंदरात टगवर, म्हणजे दुसरी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, होते. खलाशी म्हणून लागले, सारंग म्हणून निवृत्त झाले. मार्च २०१६ मध्ये मी त्यांना एक बातमी वाचून दाखवली होती. अमेरिकन नौदलाची ‘कोनेस्टोगा’ नावाची टग १९२१ मध्ये ५६ माणसांसकट नाहीशी झाली होती, ती ९५ वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बाहेर, फॅरालोन बेटांपासून तीन मैलांवर सापडली. आप्पांनी बातमी पुन्हा वाचायला लावली. किती पाण्यात आहे, विचारलं. १८९ फूट, मी म्हटलं.

“म्हणजे एकतीस वाव,” ते म्हणाले. एक वाव म्हणजे सहा फूट. “एकतीस वाव पाण्यात, बेटाच्या एवढी जवळ. आणि शोधत कुठे होते?”

हवाई बेटांपाशी, मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर टगचा विषय निघाला की कोनेस्टोगा यायचीच. सप्टेंबर २०१९ मध्ये मी आणि आप्पा दादाकडे, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला गेलो. तिथे आल्यावर आठवडाभरातच ते म्हणाले, “बाय, ती जागा बघूया गो.” आप्पा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्या चार दिवसांची टिपणं वहीत होती, ती आता नीट लिहून काढते आहे.

पहिला दिवस: हाइड स्ट्रीट पिअर

कोनेस्टोगा कशी होती हे डोळ्यांनी पाहायचं, तर तिच्या पिढीची टग बघायला हवी. अशी एक सॅन फ्रान्सिस्कोत आहे. हाइड स्ट्रीट पिअरवर सागरी संग्रहालयाची जुनी जहाजं उभी असतात, त्यांत ‘हर्क्युलिस’ ही वाफेवरची टग आहे. १९०७ साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला बांधलेली. पहिल्याच प्रवासात तिने आपल्या जोडीच्या ‘गोलाया’ या टगला दोराने ओढत, अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा घालून मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून इथे आणलं. पनामा कालवा तेव्हा झालेला नव्हता.

फ्रीमाँटहून बार्टने, म्हणजे तिथल्या लोकलने, एम्बार्काडेरोला आणि तिथून जुन्या ट्राममधून धक्क्यावर पोचेपर्यंत अकरा वाजले. पिअरवर ‘बालक्लूथा’ हे उंच डोलकाठ्यांचं गलबत पहिल्यांदा डोळ्यांत भरतं आणि गर्दीही तिथेच होती. आप्पा त्याच्याकडे न बघताच पुढे गेले. हर्क्युलिसपाशी थांबले आणि तिची मागची बाजू बघत राहिले.

टग कधी जवळून न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. टगचं सगळं कसब तिच्या मागच्या डेकवर असतं. पुढे केबिन, वर सुकाणूची खोली, मध्ये धुराडं आणि पोटात जहाजाच्या मानाने अवाढव्य इंजिन. मागचं डेक मात्र मोकळं आणि पाण्याला टेकल्यासारखं खाली असतं, कारण ओढायचा दोर तिथून जातो आणि तो डावी-उजवीकडे फिरायला जागा लागते. बंदरात हीच रचना सोयीची. खुल्या समुद्रात मागून लाट आली की तीच नडते. लाट सरळ डेकवर चढते आणि एखादी झडप नीट बंद नसेल तर इंजिनरूमपर्यंत जाते.

आप्पांनी दोर बांधायच्या खुंटावर तळवा टेकवला. लोखंड दोरांनी घासून गुळगुळीत झालं होतं. “इथे कुणाची तरी बोटं गेली असतील,” ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताच्या करंगळीचं पेर नाही, १९७४ पासून. घरात त्याबद्दल कधी बोललं जात नाही. त्या दिवशी त्यांनी आपण होऊन सांगितलं की दोर ताणात असताना कसा आवाज करतो, आधी किरकिर, मग एकदम गप्प. गप्प झाला की पळायचं. ते पळाले होते, पण हात मागे राहिला होता.

खालच्या इंजिनाची देखभाल करणाऱ्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ तिथे होते. त्यांनी वरच्या जाळीतून तीन सिलिंडरांचं इंजिन दाखवलं. वाफ आधी छोट्या सिलिंडरात काम करते, मग तीच मधल्यात, मग मोठ्यात, म्हणजे एकाच वाफेतून तीनदा जोर निघतो. आप्पांना इंग्रजी बेताचं येतं, पण दोघांचं हातवाऱ्यांनी छान जमलं. आप्पांनी ‘आगवाला’ हा शब्द त्यांना शिकवला. आपल्याकडच्या जहाजांवर भट्टीत कोळसा टाकणाऱ्याला तेच म्हणायचे.

हर्क्युलिस १५१ फुटांची, कोनेस्टोगा १७० फुटांची. कोनेस्टोगा १९०४ मध्ये बाल्टिमोरजवळच्या स्पॅरोज पॉइंटला मेरिलँड स्टील कंपनीत बांधली गेली, फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वेसाठी. पेनसिल्व्हेनियातला दगडी कोळसा रेल्वेने बंदरात यायचा आणि तिथून बार्जमध्ये, म्हणजे ओढून न्यायच्या सपाट बोटींमध्ये, भरून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जायचा. ते बार्ज ओढणं हे तिचं काम. तेरा वर्षं तिने तेच केलं आणि त्या तेरा वर्षांत तिच्याबद्दल कुणी चार ओळी लिहाव्यात असं काही घडलं नाही. मला हे चांगलं वाटतं. टगचं नाव पेपरात येत नाही याचा अर्थ ती रोज काम करून परत येते आहे.

दुसरा दिवस: मेअर आयलंड

फेरी बिल्डिंगपासून मेअर आयलंडला लागून असलेल्या व्हलेहोला तासाभरात बोट जाते. सान पाब्लो उपसागर ओलांडताना वारा इतका होता की मी आत बसले. आप्पा बाहेरच.

मेअर आयलंड ही अमेरिकन नौदलाची प्रशांत किनाऱ्यावरची पहिली गोदी, १८५४ ची. १९९६ मध्ये बंद झाली. आज तिथे विटांच्या भल्यामोठ्या शेड, गंजलेल्या क्रेन, काही नवे कारखाने आणि एका जुन्या इमारतीत संग्रहालय आहे. संग्रहालयात पाणबुड्यांचं दालन मोठं आहे, कारण इथे पाणबुड्या पुष्कळ बांधल्या गेल्या. कोनेस्टोगा इथे फार थोडे दिवस होती. फेब्रुवारी १९२१ मध्ये दुरुस्तीला आली आणि २५ मार्चला गेली. आम्ही मुख्यतः तो धक्का आणि ती सामुद्रधुनी बघायला गेलो होतो. पाणी तपकिरी, संथ, आपल्या दाभोळच्या खाडीसारखं. आप्पांनाही दाभोळच आठवली.

एका बाकावर डबा उघडला. वहिनीने थालीपीठ आणि लसणाची चटणी दिली होती. तिथे बसून मी त्यांना टगच्या युद्धातल्या दिवसांबद्दल वाचून दाखवलं.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे मोठ्या युद्धनौका होत्या, पण किनाऱ्यावर गस्त घालायला आणि काफिल्यांबरोबर जायला लहान जहाजं पुरेशी नव्हती. म्हणून नौदलाने श्रीमंतांच्या यॉट, मासेमारीच्या बोटी, टगबोटी अशा नागरी बोटी विकत किंवा भाड्याने घेतल्या. अशा बोटींना ‘सेक्शन पॅट्रोल’, म्हणजे किनाऱ्यावरची गस्ती बोट, म्हणून एक क्रमांक मिळायचा. कोनेस्टोगा १४ सप्टेंबर १९१७ रोजी विकत घेतली गेली आणि तिला ‘एसपी ११२८’ हा क्रमांक मिळाला. या आकड्यावरूनच अंदाज येतो की किती बोटींची नोंद केली गेली होती. १० नोव्हेंबरला ती रीतसर नौदलात दाखल झाली. सुकाणूच्या खोलीपुढे, मुख्य डेकवर, तीन इंची, म्हणजे तोंड तीन इंच रुंद असलेली, तोफ आली.

“पुढे?” आप्पांनी विचारलं. “पुढच्या डेकवर आम्ही दोराशिवाय काही ठेवत नसू.”

तीन इंचांच्या तोफेने काय होणार, असं मलाही आधी वाटलं होतं. मग समजलं की त्या काळी जर्मन पाणबुडी टॉर्पेडो वाचवायला बघायची. टॉर्पेडो महाग आणि मोजके. समोर निःशस्त्र बोट दिसली तर पाणबुडी सरळ पाण्यावर यायची आणि आपल्या डेकवरच्या तोफेने तिला बुडवायची. बोटीवर तोफ असेल, तर वर येण्यात धोका असायचा. पाणबुडीचं कवच पातळ, एक गोळा वर्मी लागला तर ती पुन्हा बुडी मारू शकत नाही. म्हणजे टगवरची तोफ पाणबुडीला खाली दाबून ठेवण्यासाठी होती, आणि तेवढं पुष्कळ होतं.

कोनेस्टोगाने अटलांटिक किनाऱ्यावर ओढकाम केलं, सामान आणि तोफा पोचवल्या, बर्म्युडा आणि अझोरेसपर्यंत काफिल्यांची सोबत केली. अझोरेस म्हणजे पोर्तुगालची, अटलांटिकच्या मधोमध असलेली बेटं. ४ जुलै १९१७ रोजी जर्मन पाणबुडी ‘यू-१५५’ने तिथल्या पोंता देलगादा गावावर तोफा डागल्या होत्या. तेव्हा बंदरात असलेल्या ‘ओरायन’ या अमेरिकन नौदलाच्या कोळसावाहू जहाजाने उलट मारा केला आणि पाणबुडी मागे हटली. पुढे तिथे अमेरिकेने नौदलाचा तळ उभारला, क्रमांक १३. युद्धाच्या शेवटी कोनेस्टोगा या तळावर होती. मोडकी, मार खाल्लेली जहाजं भर समुद्रातून ओढून आणायची, काफिले पोचवायचे. लढाई संपली तरी तिचं काम संपलं नाही. शस्त्रसंधी नोव्हेंबर १९१८ मध्ये झाला आणि ती न्यू यॉर्कला परतली २६ सप्टेंबर १९१९ ला. टगचं असंच असतं. दिवाळी झाली की मांडव काढणारे मागे राहतात, तसं.

आप्पांना एकाहत्तर आठवलं. डिसेंबरमधला ब्लॅकआउट, बंदरात एक दिवा नाही आणि अंधारात जहाज धक्क्याला लावायचं. तेव्हा ते खलाशी होते. “आमच्या टगवर तोफ नव्हती,” ते म्हणाले, “पण आई रोज देव पाण्यात ठेवायची.” हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. बापाला परदेशात नेलं की तो आपल्याच घरातल्या गोष्टी सांगायला लागतो, हा या प्रवासातला मला झालेला मोठा लाभ.

युद्धानंतर कोनेस्टोगा नॉरफोकला बंदरातली टग म्हणून राहिली. मग हुकूम आला की अमेरिकन सामोआतल्या तुतुइलाला तळावरचं जहाज म्हणून जायचं. म्हणून ती अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये आली, आणि म्हणून त्या धक्क्याला लागली, ज्याच्या समोर आम्ही थालीपीठ खात होतो. लेफ्टनंट अर्नेस्ट लार्किन जोन्स तिचे कप्तान. तोफ अजून पुढच्या डेकवर होती. कुणी काढली नव्हती.

तिसरा दिवस: फॅरालोन

पहाटे पाचला निघालो. देवमासे दाखवायला नेणारी बोट सकाळी सुटते आणि अख्खा दिवस घेते, कारण फॅरालोन बेटं गोल्डन गेटपासून जवळजवळ तीस मैल बाहेर आहेत. बेटांवर उतरू देत नाहीत. ते पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे आणि आम्ही गेलो तेव्हा तिथे फक्त संशोधक राहत होते, त्यांचीही होडी क्रेनने वर उचलून घेत. आम्हाला उतरायचं नव्हतंच.

आप्पांच्या पिशवीत नारळ होता. नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, तेव्हा ते गावाला नव्हते. समुद्राला द्यायचा राहिला होता.

गोल्डन गेटच्या पुलाखालून बाहेर पडलो तेव्हा पुलाचे मनोरे धुक्यात अर्धे होते. पूल १९३७ चा. कोनेस्टोगा इथून बाहेर पडली तेव्हा दोन डोंगरांच्या मध्ये नुसतं आकाश असेल. २५ मार्च १९२१, गुड फ्रायडे, दुपारचे ३ वाजून २५ मिनिटं. त्याच सुमाराला इथला वारा ताशी २३ मैलांवरून ४० मैलांवर गेल्याची नोंद हवामानाच्या वह्यांमध्ये आहे, आणि समुद्र खवळलेला.

बाहेर पडल्यावर उजव्या हाताला एक उथळ टापू आहे, त्याला इथले दर्यावर्दी ‘पोटॅटो पॅच’ म्हणतात. खोल समुद्रातून आलेली लाट तिथे अडखळते आणि उभी राहते. आमची बोट नेहमीच्या खोल वाटेने गेली, तरी तासाभरात निम्मे प्रवासी कडेला होते. मीही. आप्पा कठड्याला पाठ लावून, गुडघे सैल सोडून उभे. “गुडघ्यात धर, कमरेत नको,” ते मला सांगत होते. मला जमलं नाही.

दोन तासांनी हंपबॅक देवमासे दिसले, तीन किंवा चार. श्वास सोडताना होणारा आवाज आधी ऐकू येतो, मग पाठ दिसते. बोटीवर आनंदाने आरडाओरडा झाला. आप्पांनीही टाळ्या वाजवल्या.

मग वास आला. बेटं दिसण्याच्या आधी फॅरालोनचा वास येतो, पक्ष्यांच्या विष्ठेचा, तीव्र, अमोनियासारखा. मग धुक्यातून दातांसारखे करडे सुळके वर आले. आग्नेय फॅरालोन हे त्यांतलं मोठं बेट, माथ्यावर १८५५ पासून असलेलं दीपगृह, खाली सपाटीवर जुनी दोन घरं. खडकांवर समुद्रसिंहांचा गलका. झाड एखाद-दुसरंच. आडोसा म्हणावा अशी एक लहानशी खाडी, तीही खडकांनी अडवलेली. उन्हाळ्यात इथे लाखो पक्षी असतात, आम्ही गेलो तेव्हा ते बरेचसे निघून गेले होते. शरद ऋतूत या पाण्यात पांढरे शार्क येतात, असं माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या.

मी आप्पांना मोबाइलवर नकाशा दाखवला. बेटापासून तीन मैलांचं एक वर्तुळ मी काढून ठेवलं होतं. त्या वर्तुळात शिरलो तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली.

त्या रात्री काय झालं, ते पाहणारं कुणी वाचलं नाही. जे कळतं ते थोडंच. एक तुटक बिनतारी संदेश दुसऱ्या जहाजामार्फत नंतर पोचला: टग वादळाशी झुंजते आहे आणि ओढत असलेला बार्ज लाटांनी तोडून नेला आहे. त्यानंतर काही नाही. एप्रिल गेला, टग वाटेतल्या, हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरला पोचली नाही. मग शोध सुरू झाला, साठ जहाजं आणि डझनावारी विमानं, हवाई बेटांभोवती. १९३७ मध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिक अमेलिया इअरहार्टसाठी झालेल्या शोधापर्यंत एवढी मोठी समुद्री मोहीम झाली नव्हती. १७ मे रोजी ‘सेनेटर’ नावाच्या जहाजाला मेक्सिकोच्या मान्सानियो बंदरापासून साधारण साडेसहाशे मैल पश्चिमेला एक रिकामी जीवरक्षक होडी सापडली. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, इंग्रजी ‘सी’ अक्षर होतं. मग शोध तिकडे वळला. ३० जून १९२१ रोजी नौदलाने टग सर्व माणसांसह गेल्याचं जाहीर केलं.

१७ मे ही तारीख मी २०१९ च्या वहीत नुसती लिहून ठेवली होती. बरोबर शंभर वर्षांनी, १७ मे २०२१ ला, तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि त्याच वादळात ‘वरप्रदा’ टगही. वरप्रदावर तेराजण होते, त्यांतले दोघेच हाती लागले. आयएनएस कोची आणि इतर नौका दिवसरात्र माणसं उचलत होत्या. आप्पा त्या आठवड्यात टीव्हीसमोरून हलले नाहीत. प्रत्येक बातमीला ते एकच विचारायचे, शोध नेमका कुठे चाललाय, वारा कुठला आहे, प्रवाह कुठे नेतोय. मला त्यांचा तो प्रश्न त्या बोटीवरच्या दुपारपासून ओळखीचा होता.

कारण फॅरालोनपाशी ते हेच बोलत होते. “बार्ज सुटला म्हणजे टग मोकळी झाली, असं लोकांना वाटतं,” ते म्हणाले. “दोर तुटतो तेव्हा उरलेला तुकडा टगच्याच मागे असतो. तो पंख्यात गेला की इंजिन बंद. नाही गेला तरी मागचं डेक खाली, लाट मागून. पाणी आत येणार, पंप चालणार, कोळसा भिजला की पंप गुदमरणार. मग माणूस काय करतो? जवळची जमीन बघतो.” त्यांनी बेटाकडे हात केला. “ही.”

हे ते आपल्या अनुभवाने बोलत होते. पण ज्यांनी तळाशी जाऊन पाहिलं त्यांचा निष्कर्षही त्याच दिशेचा आहे. अमेरिकेच्या सागरी व हवामान संस्थेने, म्हणजे ‘नोआ’ने, २००९ मध्ये या भागाच्या तळाचं सोनारने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून, मोजमाप केलं, तेव्हा नकाशावर नसलेलं एक बुडालेलं जहाज दिसलं. २०१४ पासून तिथे रिमोटवर चालणारी यंत्रं, कॅमेरे उतरवले. जेम्स डेलगाडो आणि रॉबर्ट श्वेमर हे सागरी पुरातत्त्वाचे जाणकार या कामात होते. खाली पोलादी सांगाडा जवळजवळ अख्खा होता. लाकडी डेक कुजून कोसळलेलं, सगळीकडे पांढऱ्या फुलांसारखे समुद्रपुष्प जीव, फटींतून मासे. इंजिन, बॉयलर, ओढायची यंत्रणा जिथल्या तिथे. टग आहे हे कळत होतं. पण किनाऱ्यावर बुडालेल्या टगबोटी काय कमी? कुठली?

सुकाणूच्या खोलीच्या पुढे, मुख्य डेकवर, तोफ होती. तीन इंची, पन्नास कॅलिबरची, म्हणजे नळी तोंडाच्या पन्नासपट लांब.

युद्धासाठी कोळसा ओढणाऱ्या बोटीवर आणून बसवलेली ती तोफ, लढाई संपून दोन वर्षं झाली तरी कुणी उतरवली नव्हती. तिच्यामुळेच ५६ घरांना ९५ वर्षांनी उत्तर मिळालं. ऑक्टोबर २०१५ मध्ये ओळख पक्की झाली आणि २३ मार्च २०१६ ला नौदलाने व नोआने वॉशिंग्टनमध्ये ती जाहीर केली. टग ज्या जागी, ज्या दिशेला तोंड करून पडली आहे त्यावरून असं मानलं जातं की ती बेटाच्या त्या लहान खाडीत आसरा घ्यायला निघाली होती. १८५८ ते १९०७ या काळात त्याच परिसरात पाच जहाजं फुटली होती. पाणी भरलेल्या टगला दुसरी वाट नव्हती.

हे मी वाचून दाखवल्यावर आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तोफ नसती तर नुसती टगच म्हणाले असते.”

त्यांनी पिशवीतून नारळ काढला. तो पाण्यात सोडू का, असं मी माहिती सांगणाऱ्या बाईंना विचारलं. त्या फार नम्रपणे नाही म्हणाल्या. हे संरक्षित पाणी आहे, इथे काहीच टाकता येत नाही, नारळही नाही, आणि खाली जे आहे ते नौदलाचं दफनस्थान मानलं जातं. मी आप्पांना सांगितलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि परत पिशवीत ठेवला. “बरोबर आहे,” म्हणाले. “थडग्यावर कुणी नारळ फेकत नाही.”

परतीला वारा पाठीमागून होता. मागून येणारी प्रत्येक लाट बोटीचा मागचा भाग उचलायची, मग बोट पुढे घसरायची आणि क्षणभर सुकाणू ऐकायचं नाही. आमची बोट उंच होती, मागून बंद होती. मी प्रत्येक लाटेला हर्क्युलिसचं ते पाण्याला टेकलेलं डेक बघत होते. चार तास.

रात्री वहिनीने तो नारळ फोडून नारळीभात केला. आप्पांनी दोनदा घेतला.

चौथा दिवस: लँड्स एंड

आदल्या दिवसाचा शीण होता. दादा म्हणाला, आज घरीच बसा. आप्पा म्हणाले, अजून एक काम आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्य टोकाला लँड्स एंड आहे. सायप्रसची झाडं, खाली कडा, उजवीकडे पूल आणि समोर समुद्राचं तोंड. दादाने गाडीने सोडलं. आम्ही दोन वाजता पोचलो आणि एका बाकावर बसलो. आप्पांना ३ वाजून २५ मिनिटांनी तिथे असायचं होतं.

ते हिशेब करत होते. मला सांगून, मग पुन्हा स्वतःशी. बार्ज मागे, समोरून वारा, म्हणजे पाच-सहा मैलांच्या वर वेग नाही. तीस मैल. साडेतीनला गेट सुटलं म्हणजे फॅरालोनच्या आसपास रात्रीचे नऊ-दहा. मार्चमध्ये साडेसहालाच दिवस मावळतो. म्हणजे बेटाचा दिवा दिसला असेल. “दिवा दिसत होता त्यांना,” ते म्हणाले. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी तारखा, फूट, इंच सगळं वाचलं होतं. दीपगृह १८५५ चं आहे हेही मला पाठ होतं.

हा त्यांचा अंदाज आहे. बार्ज कधी तुटला, टग किती वेळ तगली, त्या रात्री गेली की पुढच्या दिवशी, हे सांगायला कुणी नाही. पण सदतीस वर्षं दिवे बघत बंदरात शिरलेल्या माणसाचा अंदाज मी वहीत जसाच्या तसा लिहून ठेवला.

३ वाजून २५ मिनिटं झाली. हवा स्वच्छ होती, धुकं दूर क्षितिजावर गुंडाळून ठेवल्यासारखं. त्या दिवशी फॅरालोन अगदी पुसट दिसत होते, तीन-चार टिंबं. इतके जवळ आहेत हे तोवर मला जाणवलं नव्हतं. शहरातून, झाडाखाली बसून दिसतात.

थोड्या वेळाने पुलाखालून एक तेलवाहू जहाज बाहेर आलं. त्याच्या मागे एक टग सोबतीला होती, नवी, डिझेलवरची, बुटकी आणि रुंद. आप्पा सरसावून बसले. ती कुठल्या बाजूला आहे, दोर लावलाय की नुसती सोबत, ते मला सांगत राहिले. पुढे गेल्यावर जहाजाने वेग घेतला. टग मागे पडली, वळली आणि एकटी परत यायला निघाली. ओहोटी सुरू असावी, कारण तिला वेळ लागत होता.

गार वारा सुटला होता. मी म्हटलं, आप्पा, दादा खाली येऊन थांबलाय, निघूया. त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली. टग पुलाखालून आत गेली, मनोऱ्याच्या पलीकडे दिसेनाशी झाली, तेव्हा ते उठले.